झाकणाखालची मंडळी

९ फेब्रुवारी

कबूलच करते, ही वही हातात येऊन महिना उलटून गेला आणि पहिली ओळ आज लिहितेय. निघताना वहिनीने ती पिशवीत कोंबली होती. "रोज दोन ओळी लिही, म्हणजे आपण कुठे आहोत हे निदान तुला तरी कळेल," म्हणाली. मी आधी पुठ्ठ्यावर माझं नाव रंगवलं. मग अक्षरांना सावली दिली. सावली डावीकडे बरी दिसते की उजवीकडे, यात दोन संध्याकाळी गेल्या. मग पेन्सिलीला टोक केलं आणि त्या टोकाने खिडकीबाहेरच्या झाडाचं चित्र काढलं, तेही भिंतीवर. वही कोरी ती कोरीच.

इथे कशी आले ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही. मी आले होते दारांवरच्या पाट्या रंगवायला. हे पाण्यावर संशोधन करायचं मोठं केंद्र, माणसं देशोदेशीची, म्हणून प्रत्येक दारावर चार लिप्यांत पाटी हवी. आठवड्याचं काम. मला महिना लागला, कारण आत काय चालतं ते विचारल्याशिवाय माझा ब्रश हलेना. एका खोलीत खारं पाणी गोडं करतात. एका खोलीत पाइपला कान लावून तो कुठे गळतो ते ऐकतात. एका खोलीत चार शहाणी माणसं दिवसभर पाणी चाखतात आणि तोंडं वाकडी करतात. शेवटच्या दाराशी पोचले तेव्हा मागे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई येऊन उभ्या.

"ही पाटी तू परवा रंगवली होतीस ना? पुसून पुन्हा का रंगवतेयस?"

"आत काय चालतं ते अजून कळलं नाही म्हणून," मी खरं ते सांगितलं.

"मग आत ये की."

गेले ती आतच राहिले. या मोठ्या बाई, या विभागाच्या प्रमुख. त्यांनी मला शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं. शिक्षण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बारावीपर्यंत, मधलं थोडं गाळून." त्या म्हणाल्या, "इथे सगळे गाळण्याचंच काम करतात."

घरी फोन केला तर आईने आधी विचारलं, "आता काय?" तिचंही बरोबर आहे. बेकरी झाली, बसगाड्यांचं गॅरेज झालं, मधमाश्या झाल्या, फोटो स्टुडिओ झाला, मग पाट्या. एक ना धड भाराभर चिंध्या, हे बाबांचं माझ्यावरचं लाडकं वाक्य. दादा म्हणाला, "जूनपर्यंत टिकलीस तर मी मिशी काढतो." दादाची मिशी म्हणजे आमच्या घरातली सर्वांत जुनी इस्टेट. त्याला माझी खात्री आहे म्हणूनच बोलला.

१४ फेब्रुवारी

मला माझी स्वतःची टाकी मिळाली!

स्टीलची आहे, माझ्या छातीइतकी उंच. कमरेला ऊब देणारा पट्टा. एका अंगाने पंप थेंबथेंब खुराक सोडतो, दुसऱ्या अंगाला वर एक, खाली एक अशा दोन तोट्या. वर जाड झाकण, त्याला चार पंखवाले नट, बोटांनीच फिरतात. झाकणातून एक बारीक नळी निघून शेजारच्या पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवलेली आहे.

बाईंनी स्टूल ओढून मला समोर बसवलं. "सांडपाण्यात अमोनिया असतो. मुतारीत नाकाला झोंबतो ना, तोच. नदीत गेला की मासे मरतात. तो काढायला सगळीकडे टाक्यांत रात्रंदिवस हवा फुंकतात आणि त्यात भारंभार वीज जाते. या टाकीतले जंतू हवेशिवाय ते काम करतात. अमोनिया खातात आणि साधा नायट्रोजन सोडतात, आपल्या श्वासातला."

"मग सगळीकडे हेच का नाही ठेवत?"

"कारण यांना घाई नाही. दह्याचे जंतू एका रात्रीत पातेलं भरतात. यांना एकाचे दोन व्हायला पंधरवडा लागतो. आणि हवा लागली की रुसतात. नमुना घ्यायचा तो तोटीतून. बाकी हात लावायचा नाही. नीट वाढले तर लाल होतात, गॅस सुटतो, तो नळीतून या बाटलीत बुडबुडतो."

आतल्या जंतूंचं विरजण बाईंच्या टाकीतलं; ते ज्याची टाकी त्याच्याकडे स्वतः जाऊन मागायचं, अशी इथली रीत. जूनमध्ये बाहेरची समिती येऊन प्रत्येक टाकी तपासते. आत जाणाऱ्या पाण्यातला अमोनिया बाहेर येताना निम्म्याच्या खाली गेलेला हवा. गेला, तर टाकी आणि टाकीवाला दोघंही पुढची दोन वर्षं इथे. नाही गेला, तर टाकी धुऊन दुसऱ्याला आणि शिकाऊ आपल्या घरी.

बाई जाताना म्हणाल्या, "तुला मुद्दामच ही टाकी दिलीय." का, ते विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस माझा स्क्रूड्रायव्हर मागायला आला. तो कांद्याच्या सालीएवढे पातळ पडदे करतो, ज्यांतून पाणी जातं आणि मीठ अडतं. मी त्याचं नाव पडदेवाला ठेवलंय. तो मला पेंटर म्हणतो.

जंतू जंतू म्हणणं बरं वाटत नाही. मी त्यांना मंडळी म्हणणार.

१५ फेब्रुवारी

सकाळी नुसतं नमस्कार म्हणायला झाकण उघडलं. ज्यांच्यासोबत जूनपर्यंत राहायचं त्यांचं तोंड तरी बघायला नको? तोंड तपकिरी आहे. वास ओल्या मातीचा. लगेच लावून टाकलं.

२ मार्च

आता सगळं अंगवळणी पडलंय. आल्याबरोबर मंडळींना नमस्कार, मग पंप बघायचा, मग दोन काचनळ्या. एकीत आत जाणारं पाणी, दुसरीत बाहेर आलेलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले की हिरवा रंग येतो. जितका अमोनिया जास्त तितका गडद. दोन्ही नळ्या सारख्याच गडद येतात. म्हणजे मंडळी अजून जेवायला बसलेली नाहीत.

दुपारी पाइप ऐकणाऱ्यांकडे गेले होते, पाच मिनिटांसाठी. त्यांनी कानाला लावायची काठी दिली. गळणारा पाइप आजारी माणसासारखा सुस्कारे टाकतो आणि चांगला पाइप गुणगुणतो. बाहेर आले तर संध्याकाळ झालेली. पाणी चाखणाऱ्यांनी वाटेत धरलं आणि चार पेले पाजले. मला चारही पाणीच वाटले. "तुझ्या जिभेला रंगाचे हात लागलेत," असं त्यातला म्हातारा म्हणाला.

पडदेवाल्याने स्क्रूड्रायव्हर परत केला आणि दुपारी पुन्हा मागून नेला. त्याच्या खणात त्याचे तीन आहेत, मी पाहिलेत. फारच विसराळू माणूस.

२२ मार्च

नळ्या अजून जुळ्या बहिणी. इतरांच्या टेबलांवर काहीतरी घडतं. पडदेवाल्याचा एक पडदा फाटला, तेही घडणंच. माझ्याकडे काहीच नाही. आता दिवसातून दोनदा उघडून बघते, सकाळी आणि जाताना. बघितलं की जिवाला बरं वाटतं. तपकिरी. परवा जरा लालसर वाटलं होतं, पण ती माझ्या लाल सदऱ्याची सावली निघाली.

आईला फोन केला. ती चुलीपाशी होती. मी माझं रडगाणं सांगत होते आणि ती मध्येच बाबांवर ओरडली, "अहो, सारखं झाकण काय काढताय! शिजेल कसा भात?" मग मला म्हणाली, "हं, तू बोल, काय म्हणत होतीस?" पण माझा धागाच तुटला. आईचं लक्ष नसतंच कधी.

८ एप्रिल

आजचं कसं लिहू तेच कळत नाही. लिहिते.

बाई फेरीला आल्या. मी आज तयारीत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत तुझी मंडळी?"

मी म्हटलं, "बाई, नळ्या सारख्याच येतात, पण रंग तपकिरीच टिकून आहे. गेल्या आठवड्यात वर थोडा फेस होता, तो गेला. आणि ढवळणीच्या दांड्याला एक शेवाळासारखा धागा चिकटलाय, तो रोज इतका इतका लांब होतोय." मी बोटाने लांबीही दाखवली. एवढं बारकाईने मी आयुष्यात कशाकडे पाहिलं नसेल, कौतुक होणारच असं वाटलं.

पडदेवाला उगाचच मोठ्याने खोकला.

बाई म्हणाल्या, "टाकी स्टीलची आहे."

"हो."

"काच कुठेच नाही."

"नाही."

"मग दांड्यावरचा धागा तुला दिसला कुठून?"

"वरून," मी म्हटलं. म्हणता म्हणताच माझा आवाज आत आत गेला.

बाई स्टुलावर बसल्या. "किती वेळा उघडलंस?"

"रोज एकदा, नमस्कार म्हणायला." पडदेवाला छताकडे बघत होता. "म्हणजे, हल्ली दोनदा."

बाई म्हणाल्या, "मी ही मंडळी कित्येक वर्षं सांभाळतेय. यांची वीज गेली, खुराक गोठला, एकदा कोणी भलताच साबण ओतला. सगळ्यांतून तरले. पण रोज उठून नमस्कार करून यांना कोणी मारलं नव्हतं."

"मेले?"

"सांगता येत नाही. सहसा लवकर मरत नाहीत, रुसतात. रुसवा निघायला वेळ लागतो, आणि तुझ्याकडे तोच नाही."

"दुसरं विरजण द्या ना, बाई."

"शिकाऊला एकदाच मिळतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी म्हणजे पेरलेली बी उगवली का म्हणून रोज उकरून बघणारी. खोली झाडून काढली. मग पुन्हा झाडून काढली.

९ एप्रिल

बाईंनी नायट्रोजनचा सिलिंडर आणवला आणि नळी सोडून टाकीतली सगळी हवा हुसकून लावली. झाकणाचं रबर नवं घातलं. चारही नट मी स्वतः आवळले, बोटं पांढरी होईपर्यंत.

मी म्हटलं, "बाई, याला कुलूप लावून किल्ली तुम्ही ठेवा."

"कुलूपच लावायचं तर तुला कशाला ठेवायचं? कुलपाला जेवायला लागत नाही."

पडदेवाला हसला. मी त्याला म्हटलं, "तुला ठाऊक होतं ना मी उघडते ते? सांगायचंस तरी."

"रोज सकाळी तू आत तोंड घालून कोणाशी तरी इतकं प्रेमाने बोलायचीस," तो म्हणाला, "मला वाटलं, बाईंनीच सांगितलं असेल. शिवाय..." तो स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला.

२६ एप्रिल

काही न करणं हे जगातलं सर्वांत दमवणारं काम आहे. बेकरीत मी पोती वाहिली, तेव्हा इतकी थकले नव्हते.

पहिले काही दिवस हात शिवशिवायचे. म्हणून स्टूल रंगवलं. मग झाकणावरच चार लिप्यांत रंगवलं, "मंडळी आत आहेत, बाहेरून बोला." तेव्हापासून येणारे-जाणारे खरंच बाहेरून बोलतात. पाणी चाखणारा म्हातारा रोज टाकीला टिचकी मारून "जागे आहात का?" विचारतो. मी त्याला टिचकीही मारू देत नाही आता.

बाजूला बसून बसून एक झालं. पंपाचा आवाज पाठ झाला. टुक, टुक, टुक. काल तो टुक, टु-टुक असा लंगडायला लागला. कोणाला काही ऐकू येईना. मी पाइपवाल्यांची काठी आणली, नळीवर फिरवली, एका जागी सुस्कारा ऐकू आला. तिथे नळी आतून चुरमडली होती. मंडळींना खुराकच अर्धा पोचत होता, तोही कोण जाणे कधीपासून. नळी बदलली. झाकणाला बोटसुद्धा लागलं नाही. बाई म्हणाल्या, "हूं." बाईंच्या हूंचे तीन प्रकार आहेत. हा बरा होता.

पण नळ्या अजून जुळ्याच. खरं सांगायचं तर मला वाटतं सगळे मेलेत आणि मी एका स्टीलच्या डब्याशेजारी सुतकात बसलेय.

६ मे

गाडीवाल्या मैत्रिणीचा फोन. तिच्यासोबत मी मागे गावोगाव पाट्या रंगवत फिरायचे. ती समुद्राच्या कडेने निघालीय, बोटींवर नावं रंगवायची कामं मिळालीत, शनिवारी इथूनच जाणार. "बॅग भर, मी हॉर्न वाजवते." माझ्या पायांना आपोआप भिंगरी लागली. बोटींवर नावं! वळणदार अक्षरं, खारा वारा!

मी म्हटलं, "या शनिवारी नको, पंपाला नवी नळी बसवलीय, तिच्यावर नजर ठेवायला हवी."

"मग पुढच्या?"

"पुढच्या शनिवारी ऊबेचा पट्टा तपासायचाय."

"त्याच्या पुढच्या?"

"बघू. तसं इथे काही विशेष नाहीये, कधीही निघता येईल."

ती म्हणाली, "तू बरी आहेस ना?" काय विचारणं हे! बरी नसायला काय झालं?

मग दादाला फोन केला. "मिशी कशी आहे?"

"दाट आहे. का गं, पिशवी भरलीस वाटतं?"

"नाही भरली," मी म्हटलं आणि फोन ठेवला. जरा रागातच ठेवला.

१९ मे

बुडबुडा!!

क्रमाने लिहिते. सकाळी स्टुलावर बसले होते. बाटलीतल्या पाण्यात नळीच्या टोकाशी मोहरीएवढं काहीतरी चमकलं. मी श्वास रोखला. ते टपोरं झालं, वाटाण्याएवढं झालं, सुटलं आणि वर येऊन फुटलं.

मी ओरडले नाही, मंडळी दचकतील म्हणून. पडदेवाल्याला खुणेने बोलावलं. तो हातातला ओला पडदा तसाच धरून आला. आम्ही दोघं बाटलीसमोर गुडघ्यांवर बसलो, डोक्याला डोकं लावून. बराच वेळ काही नाही.

"पेंटर, भास झाला असेल."

"भास इतका गोल नसतो."

"तुझे असतीलही गोल," तो म्हणाला, आणि तेवढ्यात दुसरा आला.

मग काय, सगळा मजला लोटला. पाइपवाले, चाखणारे, मीठ अडवणारे. एवढी मोठमोठी शिकलेली माणसं, आणि सगळी एका बाटलीकडे बघत उभी. मोठ्या बाई आल्या, त्यांना वाट करून दिली. त्या म्हणाल्या, "पट्टा तापला की एखाद-दुसरा येतो. तिसरा आला तर मानू." मग कोणी हललं नाही. चाखणाऱ्या म्हाताऱ्याला शिंक येत होती, त्याने नाक धरून ठेवलं.

तिसरा आला. चांगला बोराएवढा. म्हाताऱ्याने शिंक सोडली आणि सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले.

"रुसवा निघाला म्हणायचा," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

२० मे

बाहेरची नळी आतल्या नळीपेक्षा फिकी आली. केसभर, पण फिकी. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, म्हणून पडदेवाल्याला विचारलं. तो नळ्यांकडे बघून म्हणाला, "फिका आहे." मग म्हणाला, "तू आज निळं घातलंयस." मी विचारते कशाचा रंग आणि हा सांगतो कशाचा. त्याला डोळे तपासायला सांगायला हवं.

९ जून

समिती उद्या. अमोनिया रोज थोडाथोडा उतरतोय, पण निम्म्यावर यायला अजून बाकी आहे. बाईंना विचारलं, "खुराक कमी सोडला तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घेतला. मंडळींना उपाशी ठेवून पास व्हायचं असेल तर मग त्या नमस्काराला काय अर्थ?

आणखी पंधरा दिवस हवे होते. झाकण उघडण्यात मी किती दिवस घालवले, ते मोजत नाही, मोजवत नाही.

१० जून

तिघं आले. एक वजनदार गृहस्थ, ज्यांना प्रत्येक खोलीत आधी खुर्ची लागते. एक तरतरीत तरुण, ज्याचा एक डोळा घड्याळावर. आणि अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेल्या एक बारीक बाई, ज्या कुठल्याच खोलीत काही बोलल्या नाहीत म्हणे.

गृहस्थ झाकणावरची अक्षरं वाचून खुशीत हसले. "बरं, तू इथे नेमकं काय करतेस?"

"काही करत नाही," मी म्हटलं. घाबरले की खरंच बाहेर पडतं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, साहेब. आधी करायचे, तेव्हा सगळं बिघडलं होतं."

तरुणाने स्वतः तोटीतून नमुना घेतला, नळी रंगांच्या पट्टीशेजारी धरली. मी दुसरीकडे बघत होते. तो म्हणाला, "निम्म्याच्या वर आहे. थोडाच, पण वर."

मोठ्या बाई म्हणाल्या, "रोज उतरतोय."

"आम्ही आजचं बघतो," तो म्हणाला. उद्धटपणे नाही म्हणाला, उगाच खोटं कशाला लिहू. वाईट वाटल्यासारखाच म्हणाला.

ते दोघं पुढच्या खोलीत गेले. गप्प बाई मात्र बाटलीसमोर वाकून उभ्याच. एक बुडबुडा. दुसरा. चौथा. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "झाकण किती वेळा उघडता?"

"आता कधीच नाही."

"आता?"

मग मी सगळं सांगितलं. नमस्कार, तपकिरी तोंड, दांड्यावरचा धागा, सगळं. हसण्यासारखंच आहे ते, सगळेच हसतात. त्या हसल्या नाहीत. "मग कसे परत आणलेत?" मी म्हटलं, "शेजारी बसून." त्यांनी शाल सारखी केली आणि गेल्या.

निर्णय दोन-चार दिवसांत कळवतील. पण कळायचं काय राहिलंय?

१२ जून

पिशवी काढली. गाडीवाली मैत्रीण रविवारी परतीच्या वाटेवर इथून जाणार आहे, तिला थांब म्हटलंय. बोटी, खारा वारा, वळणदार अक्षरं. किती छान. पिशवीत एक सदरा ठेवला आणि बुडबुडे बघायला खाली आले.

टाकी धुतील तोवर तरी मंडळींना कोणी बघायला हवं, म्हणून पडदेवाल्याला सगळं शिकवलं. पंप लंगडला तर काय, पट्टा थंड पडला तर काय. काठी कशी धरायची तेही दाखवलं.

"मला नाही जमणार, पेंटर."

"अरे सोपं आहे. नुसतं बसायचं."

"तू नसलीस तर इथे बसणं नाही जमणार."

"म्हणून तर शिकवतेय ना!" मी म्हटलं. तो कपाळावर हात मारून निघून गेला. एवढा हुशार माणूस, पण साधा पंप म्हटला की घाबरतो.

बाईंना विचारलं, ही टाकी मुद्दाम मला का दिली होती? त्या म्हणाल्या, "तुला पळायला येतं हे मला दिसत होतं. बसायला येतं का, ते बघायचं होतं." मी म्हटलं, "नाही ना आलं." बाईंनी हूं केलं. हा हूं मी आधी ऐकलेला नव्हता.

१३ जून

अक्षर वाकडं येईल, वही टाकीवर ठेवून घाईत लिहितेय.

आत्ता पडदेवाला जिना चढत धापा टाकत आला. "पेंटर, चल! गेटवर त्या आल्यात. समितीतल्या शालवाल्या. एकट्याच, कोणाला न कळवता. शालीआड डबा आहे."

मी टाकीपुढे आडवी उभी राहिले. "टाकी रिकामी करायला आल्या असतील."

"त्या डब्यात? अगं, दूध आणायच्या डब्याएवढा आहे तो! एवढ्यात तुझी टाकी उपसायला वर्ष लागेल." त्याला हसूही येत होतं आणि दमही लागला होता. "त्यांची स्वतःची टाकी मेलीय. लांबच्या केंद्रात. मोठ्या बाईंपाशी आत्ता माझ्यासमोर बोलल्या. त्याही म्हणे रोज उघडून बघायच्या."

"त्या? समितीतल्या?"

"रोज! आपल्या बाई म्हणाल्या, या, मी देते विरजण माझ्या टाकीतलं. तर त्या म्हणाल्या, तुमचं नको. एकदा रुसून परत आलेलं हवंय, त्या मुलीचं. आणि हे असं मागायचं तर स्वतः यावं लागतं, टाकी जो सांभाळतो त्याच्याकडेच मागावं लागतं, अशी इथली रीत आहे. बाईंनाही देता येत नाही तुझ्या टाकीतलं."

मी स्टुलावर बसले.

"कळतंय का तुला? जिच्यातून दुसऱ्या टाकीला विरजण जातं, ती चालू टाकी. मग नळीचा रंग काही का असेना. समितीलासुद्धा त्यावर बोलता येत नाही. आणि मागायला खुद्द समितीच आलीय! ताकाला आल्यात आणि भांडं शालीत लपवून उभ्या आहेत. चल ना!"

तो पुन्हा खाली धावला, त्यांना वर आणायला. मी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. खालच्या तोटीतून द्यायचं, डबा काठोकाठ भरायचा, म्हणजे आत हवा राहणार नाही. त्यांना वाटेत काय काय सांभाळायचं ते सांगायला हवं. सांगायला तर खूपच आहे, एका दिवसात व्हायचं नाही. रविवारी गाडी येईल तेव्हा मैत्रिणीला म्हणावं, पट्टा तपासायचाय.

जिन्यावर पावलं वाजतायत. मोठ्या बाईंची उंच टाचांची, पडदेवाल्याची धडाधडा, आणि मध्ये ही तिसरी, हळू, एकेक पायरी मोजल्यासारखी. दारापाशी येऊन थांबल्या. झाकणावरची अक्षरं त्यांच्या लक्षात राहिली असावीत, कारण बाहेरूनच विचारलं:

"मंडळी आहेत का घरात?"